"रुजू हो, पीएचडीच्या नोंदणीचं नंतर बघू"

प्रश्न : मी पंचवीस वर्षांची, डोंबिवलीत राहते. बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी (६२ टक्के) आहे. ठाण्यातल्या एका डायग्नोस्टिक लॅबच्या मायक्रोबायोलॉजी विभागात दोन वर्षं काम करते, हातात २६,००० येतात. यंदा सीएसआयआर-नेट (विज्ञान विषयांची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) झालं, पण जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) थोडक्यात हुकली. सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेशासाठी पात्र ठरले. परळच्या एका संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञ मॅडमनी टीबीच्या प्रकल्पात जागा देऊ केली आहे. पेशंटचे नमुने महापालिकेच्या रुग्णालयातून येणार. पीएचडीचं विचारलं तर म्हणाल्या, "आधी रुजू हो, नोंदणीचं नंतर बघू." आई-बाबा म्हणतात, नोकरी सोडून तिशीपर्यंत शिकतच बसणार का? मी जाऊ का? आणि मी डॉक्टर नाही, पेशंटच्या नमुन्यांवर मला काम करू देतील का?
— सायली (नाव बदललं आहे)

उत्तर :

सायली, तुमच्या पत्रात विषयाबद्दल एक ओळ आहे आणि नोंदणीबद्दल मॅडमचं अर्धं वाक्य. पीएचडी सहसा विषयावर अडत नाही. नोंदणी कुठे आणि कधी, पगार कोणत्या पैशातून आणि किती दिवस, आणि नमुने कोणाच्या हातून येणार, या तीन गोष्टींवर अडते. त्यांची उत्तरं लेखी मिळाली तर जा. नाही मिळाली तर हा दोन वर्षांचा कंत्राटी प्रकल्प आहे असं समजून निर्णय घ्या. तोही काही वाईट नसतो, पण त्याला पीएचडी म्हणू नका.

नोंदणीपासून सुरुवात करू, कारण तुमच्याकडे एक घड्याळ चालू आहे आणि ते तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. २०२४ पासून नेटच्या निकालात पीएचडी प्रवेशासाठीची पात्रताही दिली जाते. या मार्गाने गेलात तर विद्यापीठाची वेगळी प्रवेश परीक्षा द्यावी लागत नाही. नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. पण जेआरएफ नसलेल्या उमेदवाराचे हे गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. सहायक प्राध्यापकपदाची पात्रता कायम राहते, प्रवेशाची राहत नाही. "नंतर बघू"मधलं 'नंतर' वर्षाच्या पलीकडे गेलं तर परत परीक्षेला बसावं लागेल. मॅडमना हे माहीत असेलच असं नाही. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांच्या वेळी नियम वेगळे होते.

दुसरं घड्याळ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या पीएचडी नियमावलीचं. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, मग पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे, आणि पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा मिळू शकते. हे घरी जरूर सांगा. मोजणी प्रवेशाच्या तारखेपासून होते, प्रकल्पात रुजू झाल्यापासून नाही. दोन वर्षं प्रकल्पात काढून मग नोंदणी केलीत तर ती दोन वर्षं या हिशेबात धरत नाहीत. नोंदणीआधीचं काम प्रबंधात किती घ्यायचं हे गाईड आणि सल्लागार समिती ठरवते. त्या भरवशावर बसू नका.

आता मॅडमना काय विचारायचं? पहिलं म्हणजे त्या कोणत्या विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त गाईड आहेत. मुंबईत हे संस्थेगणिक बदलतं. टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) स्वतःच अभिमत विद्यापीठ आहे, टाटा मेमोरियलचं खारघरमधलं कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटच्या छत्राखाली येतं, आयआयटी स्वतःची पदवी देते. परळच्या संस्थांमधले बरेच विद्यार्थी वर्षानुवर्षं मुंबई विद्यापीठाकडे नोंदणी करत आले आहेत. प्रत्येकाचं वेळापत्रक, फी आणि मुलाखतीची पद्धत निराळी. दुसरा प्रश्न जागेचा. यूजीसीच्या नियमात प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार पीएचडी विद्यार्थी चालतात. शास्त्रज्ञांची मर्यादा त्यांच्या विद्यापीठाने दिलेल्या मान्यतेत असते. कोटा भरलेला असेल तर "नंतर बघू"चा सरळ अर्थ "कोणीतरी सबमिट करेपर्यंत थांब" असा होतो. तिसरा प्रश्न जरा अवघड वाटेल, तरी विचारा : निवृत्तीला किती वर्षं आहेत? तीन वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्या गाईडला नवीन विद्यार्थी घेता येत नाही.

एक काम कोणालाही न विचारता घरबसल्या होतं. शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात गाईडच्या नावाने शोधा. त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध दिसतील. पीडीएफची पहिली पानं उघडा. शीर्षकाच्या पानावर सादर केल्याचा महिना-वर्ष असतो, बऱ्याच प्रबंधांत नोंदणीची तारीखही सापडते. चार प्रबंधांची वजाबाकी केलीत की त्या लॅबमध्ये खरं किती वर्षं लागतात ते कळेल. मग पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या सूचीत त्याच विद्यार्थ्यांची नावं टाका. पहिल्या लेखकाच्या जागी विद्यार्थ्याचं नाव आहे का, आणि पेपर सबमिशनच्या आधी आला की तीन वर्षांनी, ते बघा. पीएचडीआधी पेपर छापून आलाच पाहिजे ही देशपातळीवरची अट २०२२ मध्ये गेली, तरी संस्था आपली अट ठेवू शकते. पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत तर पेपरच विचारतात.

पैशाचं. ज्या जागेवर घेत आहेत तिची जाहिरात शब्दन् शब्द वाचा. जेआरएफचा दर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहे, पुढच्या टप्प्यातल्या सीनियर फेलोशिपचा (एसआरएफ) ४२,०००, आणि घरभाडे भत्ता वेगळा. केंद्राच्या विज्ञान विभागांच्या प्रकल्पांत नेट झालेल्यांचा आणि न झालेल्यांचा दर वेगळा असतो, आणि नेट म्हणताना त्यात लेक्चरशिपचं, म्हणजे तुमच्यासारखं सहायक प्राध्यापकपदाचं नेटही धरतात. म्हणजे जेआरएफ हुकली म्हणून आपोआप खालच्या दरावर सही करू नका. निकालपत्र दाखवून विचारा. प्रकल्प भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पैशावर असेल तर पदांची नावं आणि रकमा वेगळ्या असू शकतात, तेव्हा जाहिरातीतलाच आकडा खरा.

आकड्यापेक्षा मुदत महत्त्वाची. प्रकल्प मंजूर कधी झाला आणि संपतो कधी, हे विचारा. तीन वर्षांच्या प्रकल्पातलं दीड वर्ष आधीच सरलेलं असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. जागा रिकामी झालेली असते ती आधीचा कोणी सोडून गेला म्हणून. उरलेल्या दीड वर्षाच्या पगारावर पाच वर्षांचं काम निघत नाही. शिवाय अनुदानाचा हप्ता उशिरा आला की दोन-तीन महिने पगार थांबतो, मग एकदम येतो. चार महिन्यांचा खर्च बँकेत असल्याशिवाय नोकरी सोडू नका. प्रकल्प संपल्यावरचा मार्ग आत्ताच आखून ठेवा. सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास) आणि बार्टी (अनुसूचित जाती) या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत, पण त्या नोंदणी पक्की झालेल्या विद्यार्थ्यांना. नोंदणी लांबली तर तेही दार बंद. एका वेळी दोन ठिकाणचे पैसे घेता येत नाहीत हे ओघाने आलंच.

जेआरएफचा नाद सोडायचा का? अजिबात नाही. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि महिलांना वयात पाच वर्षांची सवलत आहे. २०० पैकी १०० गुण भाग 'क'चे, त्यात ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे, बरोबर आलं तर चार गुण, चुकलं तर एक वजा. थोडक्यात हुकणारे बहुतेक जण इथे पंचवीसचा आकडा गाठायच्या हट्टात अंदाजाने ठोकतात. स्वतःची फेलोशिप असली की प्रकल्प संपो न संपो, तुमचा पगार गाईडच्या हातात राहत नाही. गाईडशी बोलण्याचा सूरही त्याने बदलतो.

आता कामाचं, कारण खरी वर्षं तिथे जातात.

तुम्ही डॉक्टर नाही याची अडचण नाही. बायोमेडिकल संशोधनातले बरेच हात बिगर-डॉक्टरांचेच असतात. फक्त पेशंटला हात लावायचा नाही. रक्त काढणं, बेडका घेणं, उपचाराबद्दल काही बोलणं हे रुग्णालयातल्या लोकांचं काम. संमतीपत्र समजावून सही घेण्याचं काम तुम्ही करू शकता, पण प्रोटोकॉलमध्ये तसं लिहिलेलं असेल तरच. रुग्णालयातला एक डॉक्टर सह-संशोधक म्हणून असावा लागतो, आणि इथेच सगळ्यात मोठी गफलत होते : मंजुरी दोन ठिकाणची लागते, संस्थेच्या एथिक्स कमिटीची आणि रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीची. एकीने "माहितीपत्रकाचं मराठी भाषांतर सुधारा" म्हटलं की दुरुस्त प्रत दुसरीकडेही परत जाते. कमिटी महिन्या-दोन महिन्यांनी बसते. चार ते सहा महिने धरा. मॅडमना विचारा, मंजुरी आलेली आहे का, आणि त्यात विद्यार्थ्याच्या पीएचडीचा उल्लेख आहे का. नसेल तर दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. तो लहान असतो, पण कमिटीच्या पुढच्या बैठकीची वाट बघायला लावतोच.

मग पेशंट. समजा तुमच्या प्रश्नासाठी उपचाराच्या सुरुवातीला, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी असे तिन्ही वेळचे नमुने दिलेले ४० पेशंट हवेत. मुंबईत शंभरातले तीस तरी मध्येच गळतात असं धरून चाला. मे महिन्यात लोक गावाला जातात, गणपतीत कोकणात जातात, कोणाची खोली बदलते आणि फोन बंद लागतो. ४० हवे तर ५८ घ्यावे लागतील. आठवड्याला निकषात बसणारे आणि तयार होणारे दोन मिळाले तर २९ आठवडे, म्हणजे जवळपास सात महिने. शेवटच्या पेशंटचे पुढचे सहा महिने धरले की तेरा. त्याआधी मंजुरीचे पाच महिने मिळवा. दीड वर्ष झालं आणि अजून विश्लेषणाला हात लागलेला नाही. हा हिशेब सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहिण्याआधी कागदावर करा आणि गाईडसमोर ठेवा. "शंभर पेशंट घेऊ" असं उत्साहाने लिहिलेला आकडा पुढे सल्लागार समितीसमोर दर सहामाहीला तुमच्याच अंगाशी येतो.

टीबीचा जंतू तर घाई करूच देत नाही. तो दुप्पट व्हायला १८ ते २४ तास घेतो. एल-जे या घट्ट माध्यमावर जंतूंच्या वसाहती दिसायला तीन ते आठ आठवडे. लिक्विड कल्चर ४२ दिवस वाढलं नाही तर निगेटिव्ह. म्हणजे ट्यूब दूषित झाली तर ती चूक दुरुस्त करायला महिना-दीड महिना जातो. आणि दूषित होण्याचं मूळ बहुतेक वेळा एका पायरीत असतं. बेडक्यातले इतर जंतू मारायला एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन आणि सोडियम हायड्रॉक्साइड घालतात, त्याला १५ मिनिटं द्यायची, २० च्या वर जाऊ द्यायची नाहीत, मग ६.८ पीएचचं फॉस्फेट बफर भरून लगेच सेंट्रिफ्यूज. एका वेळी वीस ट्यूब घेऊन बसलात तर पहिल्या ट्यूबला १५ मिनिटं होईपर्यंत शेवटचीत द्रावण घालून होतंय, आणि बफर भरताना क्रम चुकला की काही ट्यूबना २५ मिनिटं पडतात. तिथे टीबीचे जंतूही मरतात. म्हणून आठ-आठच्या तुकड्या करा आणि प्रत्येक ट्यूबच्या झाकणावर वेळ लिहा. लिक्विड कल्चरमध्ये ५ ते ८ टक्के ट्यूब दूषित निघणं चालतं. शून्य निघत असतील तर खूश होऊ नका. द्रावण जहाल पडतंय आणि तुमचे पॉझिटिव्हही मरताहेत. डायग्नोस्टिक लॅबमधली तुमची दोन वर्षं इथे कामी येतील. नुकतीच एमएस्सी झालेल्या मुलांना ही शिस्त लागायलाच वर्ष जातं.

जिवंत कल्चर हाताळायला बीएसएल-३, म्हणजे जैवसुरक्षेच्या तिसऱ्या पातळीची लॅब लागते. ती संस्थेची स्वतःची आहे की दुसरीकडची उसनी, आठवड्यात किती तास तुमच्या वाट्याला येणार, आणि फिल्टर तपासणीसाठी वर्षातून किती दिवस बंद असते, हे विचारा. उसन्या लॅबमध्ये पाहुण्याला शेवटचा स्लॉट मिळतो, आणि डोंबिवलीची गाडी पकडायची असेल तर रात्रीचा स्लॉट म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. रुजू होण्याआधी छातीचा एक्स-रे काढून ठेवा, हेपॅटायटिस बीची लस झालेली नसेल तर घ्या, आणि एन-९५ मास्क तुमच्या चेहऱ्यावर नीट बसतो का याची फिट टेस्ट करून मागा. लाजू नका.

आमचं ठाम मत : तीन-चार उद्दिष्टांपैकी किमान एक असं ठेवा की ज्याला पेशंटही लागत नाही आणि बीएसएल-३ ही लागत नाही. मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस हा टीबीच्या जंतूचा भाऊबंद तीन-चार दिवसांत वसाहती देतो आणि बीएसएल-२ मध्ये चालतो. एच३७आरए हा दुबळा टीबी-जंतू सावकाश वाढतो, पण रोग करत नाही. पद्धती आधी यांच्यावर बसवा. एथिक्स कमिटीची वाट बघण्याचे महिने असे सत्कारणी लागतात, आणि पेशंटच्या नमुन्यांचं काम फसलं तरी प्रबंधाचा एक भाग उभा राहतो. हे सिनॉप्सिस मंजूर व्हायच्या आधीच होऊ शकतं. नंतर उद्दिष्ट बदलायचं म्हणजे पुन्हा समिती, पुन्हा पत्रव्यवहार.

कोर्सवर्क, किमान १२ क्रेडिट, त्यात संशोधन नीतिमत्तेचा विषय असतोच. पहिल्या वर्षात उरकून टाका, याहून जास्त त्यावर बोलण्यासारखं नाही. प्रबंध लिहिताना मात्र एक लक्षात ठेवा : वाङ्मयचौर्य तपासणीत साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं, ४० पर्यंत गेलं तर सुधारून परत द्यावा लागतो, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होऊ शकते. 'पद्धती' या प्रकरणात लॅबमधल्या सीनियरच्या प्रबंधातले उतारे जसेच्या तसे उचलणं ही या क्षेत्रातली जुनी खोड आहे, आणि सॉफ्टवेअर नेमकं तेच पकडतं.

आई-बाबांना काय सांगायचं? आकडे सांगा. यंदा नोंदणी झाली आणि वरच्यासारखा हिशेब जमला तर पाच ते साडेपाच वर्षं, त्यानंतर प्रबंध तपासणी आणि व्हायव्हा (तोंडी परीक्षा). यूजीसी सहा महिन्यांत तपासणी संपवायला सांगते. वर्ष धरून चाला. म्हणजे एकतीस. या काळात तुम्ही फी भरून बसलेली विद्यार्थिनी नसाल, पगार घेत असाल, आणि तो आजच्यापेक्षा कमी नसेल. लग्न या काळात होऊ शकतं, होतातही. पुढे महाविद्यालयात सहायक प्राध्यापक झालात तर सातव्या वेतन आयोगात मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, पण कायम जागा किती निघतात हे तुम्ही बघताच. डायग्नोस्टिक किट बनवणाऱ्या कंपन्या, क्लिनिकल ट्रायल्स, मेडिकल रायटिंग इथे पीएचडी चालते. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायचं स्वप्न असेल तर आत्ताच सावध करतो : तिथल्या बिगर-डॉक्टर शिक्षकांसाठी 'मेडिकल एमएस्सी' हा वेगळा अभ्यासक्रम धरतात, बायोटेक्नॉलॉजीची एमएस्सी त्यात मोडत नाही. हे कळायला पाच वर्षं लागू नयेत.

आता मॅडमना ईमेल लिहा. फोनवर नको, कारण फोनवर परत "बघू" येईल. सूर नम्र ठेवा, मजकूर एवढाच : "मॅडम, आपल्या प्रकल्पात काम करायला मला नक्की आवडेल. माझी नेटची पीएचडी प्रवेशाची पात्रता एक वर्षच आहे, म्हणून येत्या प्रवेश फेरीत आपल्याकडे नोंदणी शक्य आहे का, कोणत्या विद्यापीठात, आणि प्रकल्पाची मुदत कधीपर्यंत आहे, हे कळवाल का? एथिक्स मंजुरी आली असल्यास तेही समजलं तर मला तयारी करता येईल." चांगल्या गाईडला यात राग येण्यासारखं काही नाही. उलट कामाची मुलगी आहे असंच वाटेल. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा आणि त्याच आठवड्यात आणखी तीन-चार ठिकाणी अर्ज टाका. पात्रतेचं वर्ष एका दारात उभं राहून घालवू नका.

मॅडमच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांपैकी एखादीला संस्थेच्या कँटीनमध्ये गाठता आलं तर उत्तम. गाईड कशी आहे असं विचारू नका, सगळे "छान" म्हणतात. लिहून दिलेला मसुदा किती दिवसांत परत येतो, शेवटचा विद्यार्थी सोडून गेला तो कधी आणि का, आणि अभिकर्मकांची ऑर्डर दिल्यापासून हातात पडेपर्यंत किती आठवडे जातात, हे विचारा.

नेमणुकीचं पत्र हातात पडल्याशिवाय आत्ताच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका, ईमेलवरचा होकार पुरेसा नाही. नोटिशीचा महिना आधीच मोजून ठेवा. सोडताना अनुभवाचं पत्र मागाल त्यात नुसतं "मायक्रोबायोलॉजी विभाग" नको. कोणकोणत्या तपासण्या स्वतः केल्या आणि टीबीच्या नमुन्यांवर काम केलं असेल तर तेही लिहून घ्या. नोंदणीच्या मुलाखतीला ते पत्र वरच्या पानावर ठेवा.